२७ इंची फोर-के मॉनिटर, आठ महिन्यांनंतर: ३० हर्ट्झवर अडकलेला पडदा ६० वर कसा आला

पुस्तकांची अक्षरजुळणी आणि मांडणी हे माझं काम. दिवसाचे आठ-नऊ तास डोळे पडद्याला लागलेले असतात. २४ इंची फुल एचडी मॉनिटर काढून हा फोर-के घेतला तो फक्त अक्षरांसाठी. जुन्या पडद्यावर इंचाला ९२ ठिपके होते, यावर १६३ आहेत. ‘कर्तृत्व’ हा शब्द घ्या. एकाच त-च्या डोक्यावर रफार आणि पायाशी ऋकार. पूर्वी प्रूफ बघताना तो २०० टक्के मोठा करून तपासावा लागे, आता १०० टक्क्यांवरच रफार स्वच्छ दिसतो. एवढ्यासाठी मी हा मॉनिटर पुन्हा घेईन.

पण पहिले तीन आठवडे तो परत द्यावा असंच मनात होतं. माउस हलवला की बाण अडखळत, उड्या मारत जायचा. पानं सरकवताना ओळी मागे राहिल्यासारख्या वाटायच्या, संध्याकाळपर्यंत डोळे चुरचुरायचे. सेटिंग्जमध्ये सिस्टीम, डिस्प्ले, मग अॅडव्हान्स्ड डिस्प्ले उघडलं तर रिफ्रेश रेट, म्हणजे सेकंदाला किती वेळा चित्र बदलतं तो आकडा, ३० हर्ट्झ, आणि यादीत ६० नव्हताच! म्हणजे चित्र दर ३३ मिलिसेकंदांनी बदलत होतं. ६० ला ते साधारण १७ मिलिसेकंदांनी बदलतं.

दुकानात विचारलं तर म्हणाले, केबल बदला. चांगली महागाची एचडीएमआय केबल आणली, फरक शून्य. मग मी स्वतः हिशोब मांडला, आणि तो मांडल्यावर सगळा गुंता सुटला. फोर-के म्हणजे ३८४० गुणिले २१६०, जवळपास ८३ लाख ठिपके. प्रत्येक ठिपक्याला २४ बिट, सेकंदाला ६० वेळा. झाले जवळजवळ १२ गिगाबिट, ओळींच्या आणि चित्रांच्या मधल्या रिकाम्या जागा धरून साडेबारा. माझ्या जुन्या लॅपटॉपचा पोर्ट एचडीएमआय १.४ चा. त्याची क्षमता १०.२ गिगाबिट लिहिलेली असते, पण प्रत्यक्ष चित्राला त्यातले आठच्या थोडे वर मिळतात. साडेबारा त्यात बसणार कसे? केबल कितीही भारी आणा, पोर्टच अरुंद असेल तर ३० च्या वर जाता येत नाही. फोर-के ६० वर चालवायला दोन्ही टोकांना एचडीएमआय २.० लागतं.

तोवर २५६० गुणिले १४४० वर काम चालवलं. त्यावर ६० मिळतात, पण एक ठिपका दीड ठिपक्यांवर पसरतो आणि अनुस्वारांच्या कडा पुसट होतात. ज्यासाठी पैसे मोजले तेच हातचं जात होतं.

चौथ्या महिन्यात टाइप-सीवाला नवा लॅपटॉप आला. एका हबमधून, म्हणजे एका पोर्टचे अनेक पोर्ट करणाऱ्या डबीतून, मॉनिटर जोडला आणि परत तेच ३०. खरं सांगते, त्या दिवशी रडू यायचं बाकी होतं. पण कारण यातही आकड्यांतच होतं. टाइप-सीमध्ये वेगाने माहिती नेणाऱ्या चार लेन असतात. हबला पेनड्राइव्ह आणि कार्डासाठी यूएसबी ३ चा वेग हवा असतो, म्हणून तो त्यातल्या दोन लेन घेतो, चित्राला उरतात दोन. टाइप-सीमधून चित्र ज्या पद्धतीने जातं त्या डिस्प्लेपोर्ट १.२ च्या हिशोबाने त्या दोन लेनमधून साडेआठ गिगाबिटच्या आसपासच जातात. जुन्या पोर्टला आठ, इथे साडेआठ. रस्ते दोन, पण रुंदी जवळपास सारखीच, म्हणून आकडाही तोच.

हब काढला, टाइप-सी केबल थेट मॉनिटरला लावली. तरी ३०! शेवटी मॉनिटरच्या मागचं बटण दाबून त्याचा स्वतःचा मेनू चाळला. तिथे यूएसबीच्या पानावर ‘हाय डेटा स्पीड’ निवडलेलं होतं, खाली ‘हाय रिझोल्यूशन’. ते निवडलं, पडदा दोन सेकंद काळा होऊन परत आला. तरीही विंडोजने स्वतःहून ३० च धरून ठेवले होते, यादीत जाऊन ६० हाताने निवडले तेव्हा बाण लोण्यासारखा सरकला. मेनू बदलल्यावर ही यादी बघाच.

तेव्हापासून चार महिने एकदाही ३० दिसलेला नाही. लॅपटॉप झोपवून उठवला, वीज जाऊन आली, तरी ६० टिकून आहेत. संध्याकाळची चुरचुर खूप कमी झाली. मोबदल्यात एक गोष्ट सोडावी लागली: चारही लेन चित्राकडे गेल्यामुळे मॉनिटरच्या मागचे यूएसबी पोर्ट आता यूएसबी २ च्या वेगाने चालतात. कीबोर्ड-माउसला तेवढं पुरतं, पण छापखान्याला द्यायच्या मोठ्या फाइल्स त्यातून कॉपी करायला घेतल्या तर चहा पिऊन होतो. म्हणून हार्डडिस्क मी थेट लॅपटॉपला लावते.

घेणाऱ्यांनी खोक्यावरचा ‘फोर-के’ वाचून थांबू नये. आपल्या लॅपटॉपचा पोर्ट कोणत्या आवृत्तीचा आहे ते आधी बघावं. काही मॉनिटरमध्ये एचडीएमआयसुद्धा मेनूत १.४ वर ठेवलेलं असतं, ते २.० करावं लागतं. आणि चार्जरसोबत आलेली टाइप-सी केबल वापरू नका. त्यातल्या बऱ्याच केबलींमध्ये चित्राच्या तारा नसतातच, पडदा नुसता ‘नो सिग्नल’ दाखवत बसतो.