सी ड्राइव्ह लाल झालाय: आवरावं, हलवावं की डिस्कच बदलावी?

बाबांचा फोन आला, "कॉम्प्युटर म्हणतोय जागा संपली. दुकानदार म्हणतो, आता नवीनच घ्या." घरी जाऊन बघितलं. सी ड्राइव्हची पट्टी लालभडक, ९७ जीबीपैकी जेमतेम २ शिल्लक. आणि खालीच डी ड्राइव्ह, ३६८ जीबीचा, जवळजवळ रिकामा. त्यात एका लग्नाचे फोटो तेवढे होते.

असेंबल केलेल्या पीसीत हा प्रकार सर्रास दिसतो. विंडोज टाकणारा एकाच डिस्कचे दोन भाग करतो: सीला शंभरेक जीबी देतो, उरलेली डीला. आपण मात्र डेस्कटॉप आणि डाउनलोड्सच्या पलीकडे जात नाही, आणि ते दोन्ही सीवरच असतात.

म्हणून खिशात हात घालण्याआधी जागा कोणी खाल्लीय ते बघा. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग स्टोरेज उघडलं की ढोबळ हिशेब दिसतो. विनडरस्टॅट हे फुकटचं सॉफ्टवेअर तोच हिशेब रंगीत चौकोनांत मांडतं. मोठी फाइल, मोठा चौकोन. आणि एक बघाच: इशारा नक्की कोणत्या ड्राइव्हचा आहे? रिकव्हरीच्या, म्हणजे विंडोज बिघडलं तर दुरुस्तीसाठी राखलेल्या, छोट्याशा पार्टिशनला (डिस्कच्या भागाला) चुकून ड्राइव्हचं अक्षर मिळालं, तर विंडोज त्याच्याही नावाने ओरडतं. तिथे काही पुसायचं नसतं, नुसतं अक्षर काढून टाकायचं.

आवरणं फुकट आहे, म्हणून सुरुवात तिथून. रिसायकल बिन, टेम्पररी फाइल्स, आणि विंडोजचं मोठं अपग्रेड नुकतंच झालं असेल तर 'विंडोज डॉट ओल्ड' हे फोल्डर. हे शेवटचं एकटंच सहज १५-२० जीबी अडवतं. साधारण १० दिवसांनी विंडोज ते आपणहून काढतं, पण तेवढे दिवस जुन्या व्हर्जनवर परतायची सोय असते, तेव्हा घाई नको. हायबरनेशन (चालू काम डिस्कवर साठवून मशीन बंद करणं) वापरत नसाल तर ते बंद करा. ८ जीबी रॅमच्या मशीनवर तीनेक जीबी सुटतात. 'विनएसएक्सएस' फोल्डर कितीही फुगलेलं दिसलं तरी हाताने त्यातलं काही उडवू नका, विंडोज त्याच्यावरच उभं असतं.

बाबांच्या डाउनलोड्समध्ये एकच लाइटबिल सात वेळा होतं. कंसात एक, कंसात दोन, असं सहापर्यंत. बिल बघायचं म्हणजे पुन्हा डाउनलोड करायचं, अशी त्यांची पद्धत. पण खरी जागा बिलांनी खाल्ली नव्हतीच, ती सॉफ्टवेअरच्या जुन्या सेटअप फाइल्सनी आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून उतरवलेल्या व्हिडिओंनी. सगळं आवरून ११ जीबी निघाली. वाईट नाही, पण नुसतं आवरून भागवलं तर चार-सहा महिन्यांत पुन्हा तेच.

डी ड्राइव्ह रिकामा असेल तर हलवणं मला आवरण्यापेक्षा उजवं वाटतं. डाउनलोड्स किंवा पिक्चर्सवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, लोकेशन, मूव्ह. आधी डीवर त्या नावाचं वेगळं फोल्डर मात्र करून ठेवा. पुढचं सगळं आपोआप डीवर जातं आणि वापरणाऱ्याला कळतही नाही. प्रोग्रॅम फाइल्स कट-पेस्ट करायचा मोह टाळा, सॉफ्टवेअर चालायची बंद होतात. "डीतली जागा काढून सीला जोडू" हेही वाटतं तितकं सरळ नाही. डी आकसला की मोकळी जागा त्याच्या शेपटाला निघते, आणि विंडोजला ती सीला लागूनच हवी असते. म्हणून 'एक्स्टेंड' हा ड्राइव्ह वाढवायचा पर्याय फिक्कट राहतो आणि माणूस तिथेच अडकतो.

डीसुद्धा भरलेला असेल तर मात्र खर्च आला. बाहेरची हार्ड डिस्क की क्लाउड? २०० जीबी फोटो घ्या. यूएसबी ३ च्या डिस्कवर सेकंदाला शंभर एमबीच्या वेगाने ते पाऊण तासाच्या आत जातात. तेच २० एमबीपीएस (मेगाबिट; आठ बिट म्हणजे एक बाइट) अपलोडच्या लाइनवरून क्लाउडवर चढवायला सलग बावीस तास लागतील. गुगलची फुकट १५ जीबी मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून आहे, वनड्राइव्हची ५. त्यापुढे भाडं, आणि ते दर महिन्याला किंवा वर्षाला. शिवाय वनड्राइव्हवर चढलेली फाइल तुमच्या डिस्कवरही राहू शकते. 'फ्री अप स्पेस' केलं तर जागा सुटते. डिलीट केलं तर फाइल क्लाउडवरूनही जाते. कागदपत्रांना क्लाउड, फोटो-व्हिडिओंना डिस्क, असं माझं मत.

डिस्कवाल्यांची नेहमीची चूक अशी: फोटो बाहेरच्या डिस्कवर हलवतात, मूळचे पुसतात आणि त्याला बॅकअप म्हणतात. अहो, प्रत एकच उरली की! ती डिस्क टेबलावरून पडली म्हणजे संपलं. दोन डिस्का घ्या, नाहीतर निवडक फोटो तरी आणखी कुठे ठेवा. आणि १ टीबीची डिस्क ९३१ जीबी दाखवते म्हणून दुकानदाराशी भांडू नका. तो मोजणीच्या पद्धतीतला फरक आहे.

मशीनमध्ये अजून फिरती हार्ड डिस्क असेल, तर पैसे घालायची सगळ्यात चांगली जागा एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली, चिपवर साठवणारी डिस्क. जागा वाढते ती वाढतेच, पण साटा (जुन्या पद्धतीच्या जोडणीची) एसएसडीसुद्धा सेकंदाला पाचशे एमबीच्या आसपास वाचते, त्यामुळे पाच वर्षांचा पीसी बदलल्यासारखा वाटतो. जुनी डिस्क क्लोन करून, म्हणजे तिची हुबेहूब नक्कल उतरवून, विंडोज जसंच्या तसं नेता येतं, आणि जुनी डिस्क यूएसबी केसिंगमध्ये (डबीत) घातली की बाहेरची डिस्क म्हणून चालते. लॅपटॉपला एम-डॉट-टू प्रकारची (छोट्या पट्टीसारखी) घेताना साटा की एनव्हीएमई (जास्त वेगाची जोडणी) ते आधी तपासा; दिसायला सारख्या, पण सगळ्या स्लॉटना दोन्ही चालत नाहीत. ३२-६४ जीबीच्या स्वस्त लॅपटॉपमध्ये स्टोरेज बोर्डावरच सोल्डर केलेलं असतं, तिथे हा मार्ग बंद. आणि मशीन विंडोज ११ घेत नसेल, तर १० ची नेहमीची मोफत अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली आहेत हे लक्षात घेऊन खर्च करा. एसएसडी पुढच्या मशीनमध्येही लावता येते, तेवढा दिलासा.

बाबांच्या पीसीला मी एक रुपयाही घातला नाही. आधीची २, आवरून ११, हलवून १८. सीवर आता ३१ जीबी मोकळी आहे. लाइटबिलं अजून उतरतातच, फक्त आता डीवर.