दहा मीटर एअर पिस्तूल: नऊ महिने आणि बारा डब्यांनंतर

गेल्या दसऱ्याला मी हे पिस्तूल घेतलं. ऑस्ट्रियन बनावटीचं पीसीपी, म्हणजे सिलिंडरमधल्या दाबाच्या हवेवर चालणारं, आणि आधीच्या मालकिणीनं चार वर्षं जपून वापरलेलं. कोल्हापुरात राहायचं आणि नेमबाजीचं वेड लागायचं नाही, हे अवघडच. इथल्याच नेमबाज राही सरनोबतनं २०१८ला जकार्ता-पालेम्बांगच्या एशियाडमध्ये २५ मीटर पिस्तूलचं सुवर्ण जिंकलं तेव्हापासून माझ्या मनात होतं; हातात पिस्तूल यायला चाळिशी उलटली. तिचा प्रकार पॉइंट टू टूचा, म्हणजे ०.२२ इंची काडतुसाचा, त्याला परवाना लागतो. माझं ४.५ मिमीच्या नळीचं, २० ज्यूलच्या आतल्या ताकदीचं, परवाना न लागणारं. पण तेवढ्यावरून कुणी त्याला खेळणं म्हणालं की मला राग येतो. या छर्‍यानं डोळा कायमचा जाऊ शकतो.

आतापर्यंत पाचशे छर्ऱ्यांचे बारा डबे संपले. अचूकतेबद्दल बोलायचं तर पिस्तूल माझ्यापेक्षा खूप पुढे आहे. टार्गेटवरचं दहा गुणांचं वर्तुळ ११.५ मिमीचं, आणि नऊ-आठ लागले तर तो माझ्या मनगटाचा दोष. ट्रिगर ओढायला लागणारं वजन नियमाप्रमाणे ५०० ग्रॅमच्या जरा वर ठेवलंय. इतका हलका चाप बोट नुसतं टेकलं तरी सुटतो, त्यामुळे पिस्तूल टार्गेटवर येईपर्यंत बोट बाहेर, ग्रिपच्या कडेला. ही सवय अंगात मुरायला मला दोन महिने लागले.

मार्चमधली एक संध्याकाळ मी विसरणार नाही. सराव चालू होता, छर्रा घातला, लिव्हर (नळीचं मागचं तोंड उघडायचा-मिटायचा दांडा) बंद केली, तेवढ्यात शेजारच्या लेनवरून कुणीतरी काहीतरी विचारलं. पिस्तूल टेबलावर ठेवलं, बोलले, आणि नंतर आवराआवर सुरू केली. माझ्या डोक्यात शॉट मारून झालेला. लिव्हर उघडून, नळी रिकामी असल्याची खूण म्हणून घालायची केशरी दोरी मागून नळीत सरकवली, तर ती सुरुवातीलाच अडली. पुन्हा ढकलली, पुन्हा अडली. आत छर्रा होता. सरांना हाक मारली. ते म्हणाले, ‘ताई, तोंड टार्गेटकडेच ठेवा, वरून दुसरा छर्रा घालू नका, लिव्हर बंद करा आणि टार्गेटवर सोडा.’ सोडला. साताला लागला, हात थरथरत होता.

ती दोरी म्हणजे गवत कापायच्या मशीनची प्लास्टिकची तार, दहा-वीस रुपयांची. मागून घालायची आणि पुढून बाहेर आलेली दिसली पाहिजे, तरच नळी रिकामी. तुमचा कितीही विश्वास असो, डोळ्यांनी टोक बघा.

दुसरी एक गोष्ट विकत घेताना मला कुणी सांगितली नव्हती. दाबाचा काटा सिलिंडरच्या पुढच्या टोकाला, बरोबर नळीच्या तोंडाखाली असतो. काटा बघायचा म्हणजे पिस्तूल आपल्याकडे वळवायचं! रेंजवर अनुभवी मुलंसुद्धा सहज तसं करतात. मी आधी दोरी घालते, सिलिंडर फिरवून काढते आणि मग हातात धरून बघते. अर्धा मिनिट जास्त जातो, जाऊ दे.

हवा २०० बारपर्यंत (बार हे दाबाचं माप) भरते, स्कूबाच्या, म्हणजे पाणबुड्यांच्या हवेच्या टाकीतून, हळूहळू. घाईनं भरली की सिलिंडर तापतो आणि गार झाल्यावर काटा खाली येतो. भरण्याच्या तोंडाला खनिज तेल कधीही लावू नका. दाबाखाली ते पेट घेऊ शकतं. ऑक्सिजन तर मुळीच नाही. जूनमध्ये रात्रीतून ४० बार उतरायला लागले, कारण निघालं झिजलेली ओ-रिंग, म्हणजे हवा अडवणारी रबरी कडी. ती बदलून, वर सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवल्यावर गळती थांबली. सिलिंडरवर बनवल्याची तारीख कोरलेली असते आणि मुदत दहा वर्षांची. वापरलेला माल घेताना आधी ती वाचा, मग किंमत बोला. भरलेला सिलिंडर उन्हात गाडीत ठेवू नका.

सफाईसाठी नळीतून मी दर डब्यामागे फेल्टचे दोन-तीन बोळे छर्ऱ्यासारखे मारते, एवढंच. सळई खुपसून घासत बसले नाही. खरा त्रास पावसाळ्याचा आणि घामाचा. एकदा लिव्हरच्या कडेला तांबूस ठिपका दिसला तेव्हा पोटात गोळा आला. आता घरी आल्याबरोबर कोरड्या कापडानं पुसून, धातूच्या भागांवर तेलाचा पुसट हात, आणि पेटीत सिलिका जेलच्या पुड्या. अक्रोडाच्या ग्रिपला मात्र तेलकट हात लागू देत नाही. छर्रे शिशाचे, त्यामुळे साबणानं हात धुतल्याशिवाय रेंजवरचा चहासुद्धा नाही.

घरी रोज पंधरा मिनिटं ड्राय, म्हणजे छर्रा न घालता चाप ओढायचा सराव करते, कोऱ्या भिंतीसमोर. त्या वेळी छर्‍यांचा डबा दुसऱ्या खोलीत, कपाटात. भाचा बारा वर्षांचा आहे, त्याला सगळं दाखवलंय, लपवलं काहीच नाही; पण पेटीची किल्ली माझ्याच गळ्यात असते. परवा त्यानं विचारलं, ‘मावशी, दोरी घातलीस का?’ मी पेटी पुन्हा उघडून त्याला टोक दाखवलं.