वसुलीच्या आदेशानंतर वकील केला, त्याला आता अकरा महिने झाले

निवृत्तीला आठ महिने उरले असताना माझं सेवापुस्तक वेतन पडताळणी पथकाकडून लाल शाईची नोंद घेऊन परत आलं. 2011 मध्ये आश्वासित प्रगती योजनेचा (बढती न मिळालेल्यांना वरची वेतनश्रेणी देणारी योजना) दुसरा लाभ देताना वेतननिश्चिती चुकली, अतिप्रदान (म्हणजे जादा दिलेली रक्कम) 2 लाख 86 हजार, वसूल करावे. निश्चिती कार्यालयाने केली, सही साहेबांची, आणि भरायचे मी. मी वरिष्ठ लिपिक. त्या रात्री झोप लागली नाही.

संघटनेतल्या मंडळींनी धीर दिला, "रफिक मसीहचा निकाल आहे, वसुली होतच नाही." सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर 2014 चा हा निकाल आपल्याकडे सगळ्यांच्या तोंडी असतो. वर्ग 3 आणि 4, निवृत्त किंवा वर्षभरात निवृत्त होणारे, पाच वर्षांहून जुनं अतिप्रदान, अशांकडून वसुली नको. मी तिन्हींत बसत होते. म्हणून नुसती निवेदनं देत राहिले. एक निवेदन, मग तीन स्मरणपत्रं, प्रत्येकाच्या पोचेवर आवक शिक्का.

सेवाविषयक प्रकरणं पाहणाऱ्या वकिलांनी ती स्मरणपत्रं बाजूला ठेवली. "मॅडम, यांनी मुदत वाढत नाही." 1985 च्या प्रशासकीय न्यायाधिकरण कायद्यात अंतिम आदेशापासून एक वर्षाची मुदत आहे. निवेदनाला उत्तर आलं नाही तर सहा महिने थांबायचं आणि तिथून वर्ष मोजायचं. पुन्हा पुन्हा निवेदन दिल्याने घड्याळ थांबत नाही. बावीस वर्षं आस्थापनेत काढूनही मला हे ठाऊक नव्हतं.

मग त्यांनी विचारलं, "हमीपत्र दिलं होतं का?" जगदेव सिंग प्रकरणात 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच म्हटलंय की जादा रक्कम परत करीन असं लिहून दिलं असेल तर माणूस त्याला बांधील राहतो. त्या प्रकरणातले न्यायिक अधिकारी होते, मी वर्ग 3, हा फरक आहेच. पण वकिलांनी त्यावर विसंबून न राहता त्याच दिवशी माहिती अधिकारात सेवापुस्तकाच्या आणि वैयक्तिक नस्तीच्या (फाईलच्या) साक्षांकित प्रती मागवायला लावल्या. मला वाटतं, फी तिथेच वसूल झाली. कारण पुढे आमच्या कार्यालयाने प्रतिज्ञापत्राला हमीपत्र जोडलं, ते निघालं 2009 चं, सहाव्या वेतन आयोगाच्या निश्चितीचं! 2011 च्या लाभासाठी मी काहीच लिहून दिलेलं नव्हतं, आणि हे आम्हाला आधीच माहीत होतं.

मॅटच्या, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाच्या, नागपूर खंडपीठात ओए (मूळ अर्ज) दाखल झाली आणि वसुलीला अंतरिम स्थगिती मिळाली. तोवर पगारातून दोन हप्ते गेले होते, ते अजून परत नाहीत. निवृत्तीच्या वेळी उपदानातून (ग्रॅच्युइटीतून) पुन्हा कपात दाखवली, तेव्हा वकिलांनी स्थगितीची प्रत जोडून पत्र दिलं. उपदान पूर्ण मिळालं.

तक्रारीही आहेत. फी ठोक सांगितली होती, नंतर टायपिंग, झेरॉक्स, दर तारखेचे वेगळे निघाले आणि पावती मागितल्याशिवाय मिळाली नाही. फोन उचलत नाहीत. तारीख ज्युनिअरकडून आदल्या संध्याकाळी कळते. निवृत्तीला टेकलेल्या माणसाचा जीव किती टांगणीला लागतो, याची त्यांना कल्पना नसावी.

मात्र एक गोष्ट त्यांनी लपवली नाही. वसुली थांबली तरी चुकलेली निश्चिती दुरुस्त होणार, पेन्शन सुधारित, म्हणजे कमी झालेल्या वेतनावरच बसणार. तसंच झालं. पुष्कळ जण हे दोन्ही एकच समजतात आणि मग वकिलाला दोष देतात.

अंतिम सुनावणी व्हायची आहे. गेल्या आठवड्यात आमच्याच कार्यालयातल्या एका ताईंच्या सेवापुस्तकात तशीच लाल नोंद आली. त्यांना मी याच वकिलांचा नंबर दिला. फी आधी कागदावर लिहून घ्या आणि नस्तीच्या प्रतींचा अर्ज आजच टाका, एवढं मात्र बजावलं.