कोंब्लांशियँ फरशी स्वयंपाकघरात: सीलर लावूनही लिंबाचे डाग

फ्रान्समधल्या दिजोंजवळच्या आमच्या घरात स्वयंपाकघराला कोंब्लांशियँ, म्हणजे इथला फिकट चुनखडक, बसवला, त्यावर हिवाळा आणि उन्हाळा दोन्ही गेले. दुकानाशी चाललेला वाद आत्ता कुठे मिटला, म्हणून लिहितेय. रंग, जाडी, भाव यांत शिरत नाही. मी डागांबद्दल बोलणार.

फरशी पॉलिशची, वर दुकानाने आग्रहाने गळ्यात मारलेला सीलर, म्हणजे डाग मुरू नयेत म्हणून दगडावर लावायचा द्रव. सुरुवातीलाच कोकमाच्या साराचा ओघळ पडला. लगेच पुसला. रंग निघाला, पण तिथली चकाकी गेली ती गेलीच. मग लिंबू, मग चिंचेचा कोळ. खिडकीतून तिरपं ऊन आलं की थेंबन् थेंब उठून दिसतो. तक्रार केली तर उत्तर एकच: सीलर पुन्हा लावून घ्या. पैसे अर्थातच आमचे!

हे मला पटलं नाही, अजूनही पटत नाही. चुनखडक म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. आंबट लागलं की दगडाचा वरचा थरच विरघळतो. सीलर छिद्रांत शिरून तेल, हळद मुरू देत नाही, आणि ते काम त्याने चोख केलंय, हळदीचा एकही डाग नाही. आम्लापुढे मात्र त्याचं काही चालत नाही, कितीही हात मारा. विकतानाच हे सांगायला हवं होतं. इथे घरोघरी नळावरचा क्षार पांढऱ्या व्हिनेगरने काढतात, त्याचा ओघळही हेच करतो.

हिवाळाभर मी सगळ्यांना हा दगडच घेऊ नका म्हणून सांगत होते. ते आता मागे घेते. बोन आणि न्युई-सँ-जॉर्ज या गावांच्या मधल्या खाणींतला हा दगड चांगलाच टणक आहे. पॅरिसच्या ओपेरा गार्निए या नाट्यगृहात आणि ऑर्ली विमानतळावरही तोच वापरलाय. कुकरचं झाकण पडलं, टवका उडाला नाही. फरशीखालचं हीटिंग बंद केल्यावरही रात्री उशिरापर्यंत पायांना ऊब लागते, ते सुख निराळंच.

शेवटी दुसऱ्या कारागिराकडून ओट्यापुढचा पट्टा डायमंड पॅडने (हिऱ्याचे कण असलेल्या घासणीने) घासून मॅट करून घेतला. जुने डाग गेले, नवे पडतात ते फारसे दिसत नाहीत. आपली शहाबादीही चुनखडकच, पण करडी आणि बिनचकाकीची, म्हणून तिच्यावर लिंबाचं एवढं जाणवत नाही.

बैठकीत पॉलिश तसंच ठेवलंय. स्वयंपाकघरासाठी मात्र मॅट, इथल्या भाषेत 'आदुसी', फिनिशच मागा. आणि पैसे भरण्याआधी सीलर लावलेल्या नमुन्यावर दुकानातच लिंबू पिळून बघा.