देबेचे डबल्स: त्रिनिदादची उभ्याने खायची न्याहारी

त्रिनिदादच्या दक्षिणेकडील देबे गावात रस्त्याकडेच्या टपऱ्यांवर मिळणारे डबल्स, म्हणजे १८४५ पासून उसाच्या मळ्यांवर आणलेल्या भारतीय करारबद्ध मजुरांच्या वंशजांनी विसाव्या शतकात घडवलेले खाणे, मला तिथल्या हॉटेलांतील बुफेपेक्षा कितीतरी सरस वाटले. 'बारा' नावाच्या, हळद घातलेल्या मैद्याच्या दोन मऊ तळलेल्या पुऱ्या, त्यांवर रस्सेदार काबुली चणे, चिंचेची चटणी, काकडीचा कीस आणि कोथिंबिरीहून उग्र वासाची शॅडो बेनी नावाची पाने असा हा ऐवज कागदात गुंडाळून हाती पडतो. आम्ही गेलो त्या टपरीवरची चिंचेची चटणी मात्र नको तितकी गोड होती. तिखट बेताचेच घालायला सांगितले तरी तिथली मिरची डोळ्यांतून पाणी काढते. आणि बसायला जागा नसल्याने रस मनगटावर ओघळण्याआधी सारे संपवावे लागते.