गणपतीतही निभावलेला एनपीटेलचा कोर्स

तुर्भ्याच्या गोदामात स्टॉक सांभाळते. बढतीच्या आशेने 'स्वयम्' या सरकारी ऑनलाइन शिक्षणाच्या पोर्टलवर एनपीटेलचा (हा आयआयटींचा ऑनलाइन कोर्सचा उपक्रम) सप्लाय चेनचा 12 आठवड्यांचा कोर्स केला. शिकणं फुकट, फी फक्त परीक्षेची. व्हिडिओ रात्री डाउनलोड करायचे, सकाळी ठाण्याहून वाशी लोकलमध्ये बघायचे. सर भलतेच संथ. दीडपट वेगाने लावले तेव्हा कुठे जमलं. असाइनमेंटला 25 टक्के, परीक्षेला 75. असाइनमेंटमधल्या सर्वोत्तम 8 च धरतात, म्हणून गणपतीत दोन बुडल्या तरी चाललं (मोदक काय आपोआप वळले जातात?). परीक्षा मात्र केंद्रावर जाऊनच. 61 मिळाले. बढतीचं साहेब अजून 'बघू' म्हणतात. पण सेफ्टी स्टॉकवरून, म्हणजे अडीअडचणीसाठी ठेवायच्या जादा मालावरून, मी वाद घातला की पर्चेसवाले आता खुर्ची ओढून बसतात.