याजक ख्रिस्त की राजा ख्रिस्त? अभ्यासवर्गासाठी विषय निवडताना

चार-पाच बैठकांचा बायबल अभ्यासवर्ग घ्यायचा ठरला की ही निवड समोर येते. ख्रिस्ताचं राजेपण घ्यावं की याजकपण, म्हणजे लोकांच्या वतीने देवापुढे अर्पण करणाऱ्याचं पद? संदेष्टा हे तिसरं पद. 1563 सालच्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीत, प्रोटेस्टंटांच्या एका जुन्या धर्मशिक्षणाच्या पुस्तकात, तिन्ही एकाच उत्तरात येतात. पण वर्गात खरी ओढाताण पहिल्या दोघांतच होते, म्हणून तिसरं इथे बाजूला ठेवतो. मी दोन्ही विषय घेऊन पाहिले आहेत.

राजा हा विषय हाताला लगेच लागतो. मत्तयाने दिलेली येशूची वंशावळ दावीद राजाचं नाव घेऊनच सुरू होते, झावळ्यांच्या रविवारची मिरवणूक लहान मुलांनाही पाठ असते आणि वधस्तंभावरची पाटी तर तीन भाषांत ‘यहूद्यांचा राजा’ असं सांगते. इतिहासातही या विषयाला धार आहे. पहिल्या महायुद्धानंतर, 1925 मध्ये, पोप अकरावे पायस यांनी ख्रिस्तराजाचा सण सुरू केला. राष्ट्रांनी आपल्यावर कुणी नाही असं समजू नये, हा त्यामागचा रोख. 1934 मध्ये जर्मनीतल्या बार्मेन इथे जमलेल्या प्रोटेस्टंट मंडळींनी नाझी राजवटीत जाहीर केलं की आयुष्याचा कुठलाही कोपरा ख्रिस्ताऐवजी दुसऱ्या धन्याच्या ताब्यात जात नाही. तरुणांचा वर्ग असेल तर हे दोन प्रसंग पुरेसे आहेत, चर्चा आपोआप पेटते.

पेटते, आणि भलतीकडे जाते. आमच्या वर्गात दुसऱ्याच बैठकीला गाडी निवडणुकीवर घसरली ती शेवटपर्यंत परत आली नाही. दोष वर्गाचा नाही. ‘राजा’ म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे सिंहासन, राज्याभिषेक, गड आधीच उभे असतात. शब्द इतका भरलेला की त्यात नवं काही ओतायला जागाच राहत नाही. योहानाच्या सहाव्या अध्यायात भाकरी खाऊन तृप्त झालेले लोक येशूला बळजबरीने राजा करायला निघतात आणि तो एकटाच डोंगरावर निघून जातो. हा प्रसंग पहिल्या बैठकीला घेतला नाही, तर पुढच्या चारही बैठकांत लोक त्याला राजा करायलाच निघालेले असतात.

‘याजक’चं नेमकं उलट. हा शब्द बायबलबाहेर क्वचितच कुणी वापरतो. पुजारी, भटजी, गुरव हे वेगळे. कॅथलिकांचे फादर आणि प्रोटेस्टंटांचे पाळक आणखी वेगळे. त्यामुळे पहिली बैठक लेवी वंश (इस्राएलातलं याजकांचं कूळ), त्यातला पहिला मुख्य याजक अहरोन, होम, प्रायश्चित्ताचा दिवस हे समजावण्यातच जाते आणि निम्मे लोक घड्याळ बघतात. त्यात मुख्य आधार म्हणजे इब्री लोकांस पत्र, नव्या करारातलं बहुधा सगळ्यात दाट लिखाण. शिवाय मिश्र वर्गात जुनं भांडण उकरलं जातं. प्रोटेस्टंट सुधारणेचा प्रणेता लूथर याने 1520 मध्ये मांडलं की बाप्तिस्मा झालेला प्रत्येक जण याजकच. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1964 मध्ये सर्व विश्वासणाऱ्यांचं याजकपण मान्य केलं, पण दीक्षित धर्मगुरूंचं याजकपण केवळ प्रमाणाने नव्हे तर मूळ स्वरूपानेच वेगळं आहे, असंही बजावलं. एका संध्याकाळी हे मिटणार नाही. मिटवायला जाऊही नये.

तरी माझं मत याजकाच्या बाजूने आहे. कारण इस्राएलात ही दोन पदं मुद्दाम वेगळी ठेवलेली होती, आणि हे कळल्याशिवाय ती ख्रिस्तात एकत्र आली यात नवल काय ते कळतच नाही. 2 इतिहासाचा सव्विसावा अध्याय काढा. उज्जीया राजा यशस्वी, बलाढ्य. एक दिवस धूप जाळायला स्वतःच मंदिरात शिरतो. याजक अजऱ्या आणि त्याच्यासोबतचे ऐंशी याजक त्याला अडवतात. हातात धूपपात्र तसंच, राजा संतापतो आणि तिथेच, धूपवेदीजवळ, त्याच्या कपाळावर कोड उठतं. मरेपर्यंत तो वेगळ्या घरात राहतो. पुढे, येशूच्या आधीच्या काळात, यहूद्यांवर राज्य करणाऱ्या हासमोनी घराण्याने दोन्ही पदं एकाच माणसाकडे घेतली. त्या घराण्यातल्या अलेक्झांडर यन्नायची काही नाणी त्याला राजा म्हणतात, काही मुख्य याजक. पहिल्या शतकातला यहूदी इतिहासकार योसेफस सांगतो की मंडपांच्या सणात तो वेदीजवळ उभा असताना लोकांनी त्याला हातातली ईडलिंबं फेकून मारली. मृत समुद्राकाठच्या कुमरान इथल्या यहूदी पंथाने तर अहरोनाचा एक आणि इस्राएलाचा एक, असे दोन अभिषिक्त येतील अशी वाट पाहिली.

या पार्श्वभूमीवर इब्री पत्राचा लेखक सरळ कबूल करतो की येशू यहूदा वंशातला, आणि त्या वंशाबद्दल बोलताना मोशे याजकांविषयी अवाक्षरही काढत नाही. म्हणून तो लेवीला वळसा घालून उत्पत्तीच्या चौदाव्या अध्यायातल्या मलकीसदेकाकडे जातो. हा शालेमचा राजा आणि परात्पर देवाचा याजक. अब्रामाला भाकर व द्राक्षारस आणून देणारा. तिथे राजा आयताच सापडतो. राजापासून सुरुवात केली तर याजकापर्यंत पोचणं अवघड, याजकापासून केली तर राजा वाटेत भेटतो.

मराठीची एक सोय वापरून घ्या. ख्रिस्त म्हणजे अभिषिक्त, आणि आपल्याकडे अभिषेक देवळातही होतो आणि सिंहासनावरही. एक गैरसोयही आहे. 1 पेत्र 2:9 मधलं ‘राजकीय याजकगण’ आजचा वाचक ‘पक्षीय’ अशा अर्थाने वाचतो. निर्गम 19:6 मधलं ‘याजकराज्य’ शेजारी ठेवलं की अर्थ जागेवर येतो.

फक्त एकच बैठक मिळणार असेल, किंवा श्रोते शाळकरी असतील, तर राजाच घ्या. आजारी, थकलेल्या, शोकातल्या माणसांपुढे बोलायचं असेल तर दुसरा विचारच नको: आपल्या दुबळेपणात सहानुभूती असलेला मुख्य याजक इब्री 4:15 मध्ये आहे. चार बैठका असतील तर याजक, पण सुरुवात लेवीय नियमांपासून करू नका. इब्री 10:11-12 वाचा. तिथे प्रत्येक याजक रोज उभा राहून तीच ती अर्पणं करतो. ख्रिस्त मात्र एकच अर्पण करून देवाच्या उजवीकडे बसला. मग विचारा, निवासमंडपात, म्हणजे इस्राएलाच्या तंबूतल्या पवित्रस्थानात, काय काय सामान होतं? भाकरींचं मेज, दीपवृक्ष, धूपवेदी अशी उत्तरं येतील. बसायला काही होतं का? कुणीतरी नक्की म्हणेल, ‘दयासन होतं की!’ त्याला थांबवू नका. दयासन हे कराराच्या कोशाचं, म्हणजे पवित्र पेटीचं, झाकण, याजकाने बसायची जागा नव्हे. तिथे, करुबांच्या (झाकणावरच्या पंखधारी आकृतींच्या) मध्ये, कोण विराजमान आहे हे स्तोत्र 99 च्या पहिल्याच ओळीत मिळेल, आणि त्या ओळीत तो राज्य करतो असंच म्हटलं आहे.